चष्म्याच्या दुकानातलं चौथं तोंड

मित्रांनो, मला चार तोंडं आहेत आणि चारांपैकी एकालाही बोलता येत नाही. तरीसुद्धा माझ्या शब्दावर एका भल्या माणसाची एकतीस वर्षांची खुर्ची जायची वेळ आली होती. ती कशी, ते सांगतो. खोटं वाटलं तर सोडून द्या, पण यातलं निम्म्याहून जास्त खरं आहे, हे मी चारही तोंडांनी शपथेवर सांगायला तयार आहे.

मी एक जुना अभिप्रायाचा खोका आहे. दुकानात काम झालं की लोक माझ्यासमोर उभे राहतात आणि बटण दाबून सांगतात, बरं वाटलं की वाईट. माझी बटणं म्हणजेच माझी तोंडं. पहिलं कानापर्यंत हसणारं. दुसरं नको असलेले पाहुणे आल्यावर हसतात तसं हसणारं. तिसरं दात दुखत असल्यासारखं. आणि चौथं, दुखरा सोडून भलताच दात उपटला गेल्यासारखं.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तिथली शिस्त इतकी कडक होती की माश्यासुद्धा एका ओळीत उडायच्या आणि वळताना हात दाखवायच्या. मला जोडणाऱ्या बाईंनी तीन तोंडं अगदी मापात बसवली. चौथं बसवताना त्यांना शिंक आली. अशी शिंक, की शेजारच्या टेबलावरचा चहा न पिताच संपला. त्या गडबडीत चौथ्या बटणाखाली एका चकतीऐवजी दोन चकत्या पडल्या आणि ते तांदळाच्या दाण्याएवढं वर राहिलं. तपासनीस आले. त्यांनी मला नुसतं डोळ्यांनी तपासलं, बोट लावून पाहिलं नाही. 'पास' म्हणाले आणि मी पास झालो. तो दाणा लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढचं सगळं महाभारत त्या दाण्यावर उभं आहे.

मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला एका चष्म्याच्या दुकानाने मागवलं. इतरांच्या नशिबी हिरवी, लाल, नारिंगी तोंडं असतात. पण या दुकानाच्या मालकीणबाईंना भडक रंगांचं वावडं. भिंती पिवळ्या, पडदे पिवळे, म्हणून आमची चारही तोंडं त्यांनी पिवळीच मागवली. राहिला फरक तो फक्त ओठांच्या रेषेचा. वर वळली तर आनंद, खाली वळली तर राग. जराशा अंतरावरून पाहिलं तर चार लिंबं ओळीने मांडल्यासारखी दिसायची.

आम्हाला आणायची कल्पना मालकीणबाईंच्या भाच्याची. तो आकड्यांचं शिक्षण घेऊन नुकताच दुकानात दाखल झाला होता. पोरगा हुशार, मनाचाही चांगला, पण डोळ्यांपेक्षा संगणकाच्या पडद्यावर विश्वास जास्त. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आत्या, अंदाजाने धंदा करायचे दिवस गेले. आता आकडे सांगतील तसं करायचं."

"आणि इतकी वर्षं मी काय डोळे मिटून केला?"

"तसं नाही गं."

"चष्म्याच्या दुकानात बसून डोळे मिटेन होय मी!"

पण भाचा लाडका होता. आमची स्थापना झाली.

बहिणीला जागा मिळाली पुढच्या दालनात, जिथे नवीन फ्रेम विकल्या जातात. आरसे, दिवे, थंड हवा. मी मागे, दुरुस्तीच्या खिडकीशी. तिथे एक डाग पडलेलं लाकडी टेबल, मान वाकवलेला दिवा, नखाएवढ्या स्क्रूंनी भरलेले चोवीस खण, आणि त्या सगळ्यामागे एका डोळ्याला भिंग लावून बसलेले स्क्रूकाका. त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. तुटलेली काडी, सैल बिजागरी, वाकडी नाकपट्टी, काहीही आणा. काका चष्मा हातात घेत, त्याच्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहत आणि म्हणत, "काही नाही, होईल बरा."

भाच्याने माझ्या पोटात चिठ्ठ्यांची गुंडाळी भरली होती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने चष्मा द्यायचा, माझं बटण दाबायचं, मग माझ्या पोटातून क्रमांकाची चिठ्ठी बाहेर यायची. ती दाखवली की चष्मा परत.

काकांनी हळूच विचारलं, "पण साहेब, मी अजून स्क्रूला हात लावला नाही, तोवर मत कसलं घ्यायचं?"

"काका, चष्मा मिळाला की माणूस थेट दार गाठतो. नंतर बटण कोण दाबतो? चिठ्ठीसाठी मात्र दाबावंच लागतं. शंभर टक्के अभिप्राय!"

काकांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. शंभर टक्क्यांपुढे कोण बोलणार?

आणि माझी नोकरी सुरू झाली. काय सांगू, पहिले काही दिवस मी नुसता फुगून गेलो होतो. जो तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणे, "यंत्र खोटं बोलत नाही." अशी स्तुती ऐकली की कोणाचंही पोट चिठ्ठ्यांनी भरून येईल.

आता जरा नीट विचार करा, मित्रांनो. माझ्यासमोर येणारा माणूस कोण? ज्याचा चष्मा मोडलाय तो. आणि तो चष्मा कुठे? काकांच्या हातात. म्हणजे माझ्यापुढे जो उभा राही त्याला मी दिसतच नसे! चार धूसर लिंबं. मग तो काय करी? बोटांनी चाचपडे. आणि चाचपडणाऱ्या बोटाला सगळ्यात आधी काय लागे? तांदळाएवढं वर आलेलं, चुकीचा दात उपटलेलं, माझं चौथं तोंड. टिक! 'फार नाराज'.

एक आजीबाई माझ्या चारही गालांवरून हात फिरवून म्हणाल्या, "किती वाळलास रे!" आणि मायेने गाल दाबला. कोणता? चौथा. 'फार नाराज'. एका सद्गृहस्थांनी मला दुकानाचा व्यवस्थापक समजून वाकून सांगितलं, "तुमचा हा कारागीर म्हणजे देवमाणूस," आणि निरोप घेताना माझा हात हातात घ्यायला गेले. हात नव्हता, बटण होतं. 'फार नाराज'.

मी आतल्या आत ओरडत होतो. पण ओरडणार कोणत्या तोंडाने?

तिकडे बहिणीचा थाट निराळाच. तिच्यासमोर येणाऱ्याच्या नाकावर कोरा करकरीत नवा चष्मा. त्याला जगच स्वच्छ दिसत असे, मग बटण दिसायला काय अडचण? सगळे हसरं तोंड दाबत. त्यात तिला आणखी एक वरकमाई होती. सकाळी आठ वाजता दुकान झाडायला मावशी येत. मावशींचा एक नियम होता, दिवसाची सुरुवात रडक्या तोंडाने करायची नाही. त्या बहिणीचं पहिलं तोंड फडक्याने घासून घासून चमकवत. "हसरं लेकरू माझं, लख्ख दिसलं पाहिजे," असं म्हणत बरोबर अकरा वेळा. चौथ्याकडे ढुंकूनही पाहत नसत. "सकाळी सकाळी याचं तोंड कोण बघेल!" माझ्याकडे तर त्या वळतच नसत. मला पुसलं की पोटातून चिठ्ठ्या निघतात, याचा त्यांना एकदा धसका बसला होता.

महिन्याअखेर भाच्याने पडद्यावर आलेख लावला आणि आनंदाने उडालाच. "आत्या, बघ! फ्रेमच्या दालनात सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अकरा माणसं खूप खूश! रोज!"

मालकीणबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "अरे, पण दुकान दहाला उघडतं."

"तेच तर! बंद असताना एवढे खूश, तर उघडं असल्यावर किती होतील?"

पुढचा आठवडाभर दुकान आठला उघडलं. विक्रीची माणसं काउंटरवर डोकं टेकवून घोरली. गिऱ्हाईक एक आलं, तेही रस्ता विचारायला. पण आकडा? अकराच्या अकरा. भाचा म्हणाला, "बघा, आनंद टिकून आहे." विक्रीच्या माणसांनीच हात जोडले तेव्हा वेळ पुन्हा दहावर आली.

ही झाली गंमत. माझ्या खिडकीशी मात्र गंमत नव्हती. तिथे आलेख लाल होता. शंभरातले नव्वद लोक फार नाराज. भाच्याने काकांना बोलावून अगदी आदराने पडदा दाखवला. काका कितीतरी वेळ त्या लाल खांबाकडे पाहत राहिले. मग परत येऊन खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "एकतीस वर्षं... लोक तोंडावर गोड बोलून जात होते की काय?"

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात चिठ्ठी अडकली. भाच्याला वाटलं, गुंडाळी संपली.

काका हार मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. आरशासमोर हसायचा सराव केला. त्यांचं हसणं एकतीस वर्षं भिंगामागे राहिल्याने जरा गंजलं होतं. आधी एखाद्या माणसाला तरी ते म्हणत, "बसा, चिठ्ठी घ्या, मग द्या चष्मा सावकाश." आता सेवा तत्पर हवी म्हणून माणूस दारात दिसला की उठून पुढे धावत आणि त्याच्या नाकावरून अलगद चष्मा उचलून घेत. "तुम्ही कशाला त्रास घेता!"

झालं! आधी शंभरातले दहा जण तरी डोळस माझ्यापर्यंत येत. आता एकही नाही. काका जितके गोड वागत तितका खांब लाल होत गेला. नव्वदचे सत्त्याण्णव झाले.

शेवटी ठरलं. खिडकी बंद करायची. तिथे भिंतभर आरसा लावायचा आणि त्यासमोर नवीन फ्रेम मांडायच्या. काकांना निरोप द्यायचा. आरसा येऊनही पडला, जाड कागदात गुंडाळलेला, काकांच्या टेबलाला टेकून. गुरुवारी दुपारी बाराला तो बसवणारे येणार होते. काकांनी बुधवारी स्क्रूंचे चोवीस खण पुसले, प्रत्येकावर काय आत आहे ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. कोणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

आणि त्याच बुधवारी भाचा स्वतःच्या चष्म्यावर बसला.

झालं असं, की आरशाची जागा मोजून तो बाकावर टेकला. टेकण्याआधी तोंड पुसायला चष्मा काढून बाकावर ठेवला होता, हे तो विसरला. आवाज असा झाला की मालकीणबाईंना वाटलं, आरसाच फुटला. दोन्ही काड्या दोन दिशांना. भाचा तसाच चाचपडत खिडकीशी आला आणि ओशाळून म्हणाला, "काका... जमेल का?"

ज्याच्या आकड्यांनी आपली खुर्ची काढली त्याचाच चष्मा हातात आला. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, आता बस चाचपडत. काकांनी चष्म्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही, होईल बरा. चिठ्ठी तेवढी घ्या, नियम तुमचाच आहे."

भाचा माझ्यासमोर आला. त्याच्या मनात काय होतं ते मला त्याच्या बोटावरून कळलं. बोट हसरं तोंड शोधत होतं. त्याला पहिलं, कानापर्यंत हसणारंच तोंड दाबायचं होतं. जाता जाता काकांना एक तरी चांगलं मत मिळावं म्हणून. त्याने चार लिंबांवरून बोट फिरवलं, जे हाताला लागलं ते मनापासून दाबलं, आणि चिठ्ठी घेऊन समाधानाने बाकावर जाऊन बसला. चिठ्ठी क्रमांक तेवीस.

सात मिनिटांत चष्मा उभा. काकांनी तो त्याच्या नाकावर ठेवला, कानामागे जरा दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आता बसताना बघून."

गुरुवारी सकाळी मालकीणबाई खिडकीशीच खुर्ची टाकून बसल्या. भाच्याने पडदा तिथे आणला. त्या म्हणाल्या, "मला कालचे एकेक दाखव. खांब नकोत. माणूस घालवायचा तर कोण कोण रागावलंय ते मला कळू दे. काका, तुमची वही आणा."

काकांची एक वही होती. चिठ्ठीचा क्रमांक, माणूस, काय मोडलं आणि कसं मोडलं. त्या वाचू लागल्या. "सतरा, शिक्षिका, डावी काडी, बाळाने चावली. पडद्यावर काय?"

"फार नाराज," भाचा म्हणाला.

"एकोणीस, बसचालक, बिजागरी, शिंकले."

"फार नाराज."

"एकवीस, नवरा-बायको, दोघांचेही चष्मे, कसे ते सांगत नाहीत."

"ते... साहजिकच फार नाराज."

"तेवीस." मालकीणबाई थांबल्या. चष्मा नाकावर खाली घेतला, वर केला, आणि सावकाश वाचलं, "भाचेसाहेब. दोन्ही काड्या. स्वतःच बसले." मग भाच्याकडे पाहिलं. "पडद्यावर काय म्हणतोस?"

भाचा पडद्याकडे पाहतच राहिला.

"बोल की!"

"फार नाराज," तो पुटपुटला. "पण आत्या, मी... मी पहिलं दाबलं होतं. शपथ! मला काकांचं..."

"सात मिनिटांत चष्मा करून दिला त्या माणसाने, आणि वर नाराजी?"

"नाही गं! थांब." त्याने चष्मा काढून आत्याच्या हातात दिला, माझ्यासमोर उभा राहिला, डोळे बारीक केले आणि बोट फिरवून दाबलं. पडद्यावर लाल खांब एक पायरी वर चढला. पुन्हा दाबलं. पुन्हा चढला. तिसऱ्यांदा मालकीणबाईंनी त्याला बाजूला सारलं, "तुला काही येत नाही," म्हणत स्वतःचा चष्मा काढला आणि ठसक्यात बटण दाबलं. टिक! फार नाराज.

"मेलं हे एकच पुढे येऊन उभं राहतंय!" त्या म्हणाल्या.

काका उठले. त्यांनी माझ्या चारही तोंडांवरून अंगठा फिरवला. एकतीस वर्षं केसाएवढे स्क्रू चाचपलेला अंगठा तो, त्याला काय कळायचं राहणार? "तांदळाएवढं वर आहे," ते म्हणाले. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "म्हणजे लोक... रागावलेले नव्हते?"

"काका, लोकांना दिसतच नव्हतं," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि ज्यांच्या डोळ्यांवर चष्मा होता, त्या आम्हा दोघांनाही दिसलं नाही."

काकांनी डोळ्यावरचं भिंग काढलं आणि फडक्याने पुसायला घेतलं. भिंग स्वच्छच होतं. तरी ते पुसतच राहिले, पुसतच राहिले.

बाराला आरसा बसवणारे आले. "कुठे लावायचा?"

"खिडकीसमोरच्या भिंतीवर," मालकीणबाई म्हणाल्या. "चष्मा बरा झाला की माणसाला आपलं तोंड बघू दे. आणि खिडकी बंद करायची नाही."

भाच्याने काकांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. काका म्हणाले, "अहो, तुमचं काय चुकलं? तुम्ही प्रश्न चांगलाच विचारलात. फक्त माणसाचा चष्मा काढून घेऊन विचारलात."

मला मात्र शिक्षा झाली. खोटारडा म्हणून मालकीणबाईंनी मला तोंड भिंतीकडे करून अडगळीत ठेवलं. चारही तोंडं भिंतीला लावून बसायचं म्हणजे काय हाल, ते तुम्हाला नाही कळायचं. आठवडाभराने काकाच आले. माझं पोट उघडलं, दुसरी चकती काढली, चौथं तोंड ओळीत बसवलं आणि म्हणाले, "याला जसं बसवलं तसंच सांगितलं बिचाऱ्याने. काही नाही, झाला बरा." माझ्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तसं पाहणारा तो पहिला माणूस.

आता मी पुन्हा खिडकीशी आहे. चिठ्ठी काका हातानेच देतात. माझी पाळी शेवटी, चष्मा नाकावर चढल्यावर. आकडे आजही येतात आणि भाचा आजही आलेख काढतो, पण कोणताही खांब जरा उंच दिसला की आधी खुर्चीतून उठतो आणि जाऊन पाहतो. असाच तो एका सकाळी आठला येऊन दाराआड उभा राहिला. मावशींना बहिणीचं हसरं तोंड अकरा वेळा घासताना त्याने पाहिलं. इतका हसला, इतका हसला, की चष्म्याच्या काड्या पुन्हा सैल झाल्या. पण मावशींना काही बोलला नाही. तेव्हापासून रोजच्या आकड्यातून मुकाट्याने अकरा वजा करतो.

एकदा मात्र दुकान उघडतानाच बहिणीच्या खात्यावर उणे अकरा आले. भाचा क्षणभर चक्रावला, मग ताडकन उठला. "आत्या, आज मावशी आल्या नाहीत!" तो आणि काका त्यांच्या घरी गेले. मावशी न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या, हाक ऐकायला कोणी नव्हतं. वेळेवर डॉक्टर आले. प्लास्टर निघाल्यावर मावशी परत आल्या तेव्हा भाच्याने त्यांना काय सांगितलं असेल? म्हणाला, "मावशी, अकराच्या खाली येऊ नका."

मित्रांनो, मी आता थकलो आहे. ओठांच्या रेषा पुसट होत चालल्या आहेत, कोणतं तोंड हसरं आणि कोणतं रडकं हे मलाच कधी कधी आठवत नाही. माझं मागणं फार नाही. अधूनमधून मऊ फडकं फिरवा, चारही तोंडांवर सारखं, चौथ्यालाही. आमच्या पोटातला आकडा वाचाल तेव्हा तो कोणाच्या बोटाने आला, तेही जाऊन विचारा. आणि कोणाचं मत घ्यायचं असेल, तर आधी त्याचा चष्मा त्याच्या नाकावर ठेवा.

तोवर काकांच्या वहीत बघा जरा, परवाची नोंद आहे. "चिठ्ठी आठ. मालकीणबाई. उजवी काडी. भाच्याला हसताना." आणि माझ्याकडे? पहिलं तोंड. कानापर्यंत.